वरंध घाट बाइकवरून: भोरकडून उतरू नका, महाडकडून चढा

भोरला चहाच्या टपरीवर दोघांनी छातीठोकपणे सांगितलं, "रस्ता मक्खन झालाय, दीड तासात महाडात असाल." यातलं अर्धं खरं आहे, आणि आमचा घात त्या खऱ्या अर्ध्यानेच केला.

नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेने जाताना नवं काँक्रीट लागतं. गाडी पन्नास-साठला मस्त वळते, हाताला तोच वेग बसतो. आणि हिरडोशीच्या पुढे ऐन वळणात काँक्रीट संपतं. पाटी नाही, ड्रम नाही, रिफ्लेक्टर नाही. चार बोटं खाली मुरूम आणि त्यावर पसरलेली हरभऱ्याएवढी सुटी खडी. पुढे जाणाऱ्या मित्राने तिथे पुढचा ब्रेक दाबला आणि चाक कठड्याकडे सरकायला लागलं. त्याने लगेच ब्रेक सोडला, चाक पुन्हा फिरलं, म्हणून गाडी सावरली. पुढचा सगळा उतार असाच: थोडं काँक्रीट, मग खडी, मग जुनं डांबर, परत खडी. जुना खराब रस्ता परवडला, निदान तो सतत खराब असायचा.

म्हणून वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना उतरवा. गाडी झुकली की टायरची पकड वळण्यातच खर्ची पडते, ब्रेकला उरत नाही. रस्ता जिथे डोंगराआड दिसेनासा होतो तिथे नजर ठेवा. ती जागा अंगावर यायला लागली तर वळण आवळतंय, वेग कमी करा. लांब सरकायला लागली तरच थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, पिळा. आणि एकाच गाडीपुरत्या रस्त्यावर, दिसतोय त्याच्या निम्म्या अंतरात थांबता आलं पाहिजे, कारण समोरच्यालाही थांबायला जागा लागते.

उजव्या वळणावर मधल्या रेषेला चिकटू नका. चाकं आपल्या बाजूला असली तरी झुकल्यावर डोकं पलीकडच्या लेनमध्ये जातं. डंपरला हेअरपिन, म्हणजे जवळपास उलटं फिरवणारं वळण, घ्यायला अख्खा रस्ता लागतो. हॉर्न ऐकू आला की वळणाच्या अलीकडेच थांबा, त्याला जाऊ द्या. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे आम्हाला बरेच दिसले. पेट्रोल वाचवायला म्हणत असतील तर तेही चूक: फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून थ्रॉटल बंद केलं की इंजिनात पेट्रोल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत.

माझ्या गाडीला तारांची चाकं आहेत, म्हणजे आत ट्यूब. महाडच्या अलीकडे मागचं चाक बसलं. एका पंक्चरवाल्याने ट्यूबचे छापील किमतीच्या दुप्पट घेतले, वर मजुरी वेगळी. अंधार पडत होता, त्याला ते ठाऊक होतं. अजून चिडचिड होते. आपल्या मापाच्या दोन्ही ट्यूब सोबत ठेवा, ट्यूबलेस असेल तर पट्टीचं किट आणि छोटा पंप.

पोलादपूर ते महाबळेश्वर, आंबेनळी घाटाचे साधारण 40 किलोमीटर, दुसऱ्या दिवशी आरामात झाले. वळणं भरपूर, पण रस्ता एकसारखा. वाईमार्गे परतीत काही विशेष नाही.

माझं ऐकाल तर हा फेरा उलटा करा. वाई, पसरणी घाट, महाबळेश्वर, आंबेनळी उतरून पोलादपूर, महाड, आणि शेवटी वरंध चढायचा. खडीवर चढताना वेग आपोआप कमी राहतो, ब्रेकची गरज फारशी पडत नाही. दुपारनंतर ऊन पाठीवर असतं, ते उतरणाऱ्याच्या डोळ्यांत जातं, म्हणून हेडलाइट चालू हवा. 2017 नंतरच्या गाड्यांचा तो लागलेलाच असतो, जुन्या गाडीवाल्यांनी आठवणीने लावावा. अंधाराआधी भोर गाठायचंच. पावसाळ्यात निघण्याआधी घाट उघडा आहे का ते बघा, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने तो वारंवार बंद होतो.

मागे कुणी बसणार असेल तर काँक्रीटचं काम पुरं होईपर्यंत वरंध नकोच. कोकणात ताम्हिणी घाटाने उतरा.