मागचा मेळ

शनिवार, रात्रीचे पावणेबारा.

तुणतुण्याची काडी घासून बोटाला फोड आलाय. अंग आंबलंय, खरं झोप येईना. म्हणून वही काढली.

मंगाईची यात्रा होऊन दोन आठवडे झाले. बेळगावातल्या आमच्या वडगावात पाळणेवाल्यांनी पाडलेले खड्डे अजून तसेच आहेत आणि त्यात पाणी. असल्या दिवसांत गीगी पद, म्हणजे कन्नडमधला पोवाडा, गाणारे पाहुणे बोलवू नका, असं मी आमच्या गाण्याच्या मंडळात म्हटलं होतं. पाऊस हे निमित्त. मनातलं दुसरंच होतं, तेही शेवटी बोलून टाकलं, "गीगी पद कळणार कुणाला? येतात तीस माणसं, त्यातली वीस उठून जातील." अध्यक्षकाका "बघूया की" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी बैलहोंगलकडच्या मेळाला परस्पर फोन लावून मोकळे.

आमचं मंडळ म्हणजे तरी काय? देवळामागची खोली, दोन पेट्या, ढोलकी, डफ, टाळ आणि माझं तुणतुणं. निम्मी माणसं मागावरची, दोघे निवृत्त मास्तर, एक रिक्षावाला, बँकेतला मी. वर्गणी माणशी पन्नास. शनिवारी नऊनंतर शेजारची मागांची खडखड थांबली की आमची सुरू. पोवाडा, लावणी, भेदिक, शेवटी भजन. माझं काम झीलकऱ्याचं. शाहिरानं ओळ सोडली की ती मागून उचलायची आणि "जी जी" धरायचं. सव्वीस वर्षं हेच. पुढं उभं राहून कधी गायलो नाही आणि त्याचं वाईटही वाटलेलं नाही.

महिन्यातून एकदा पाहुणे. निपाणीकडचे धनगर आले तेव्हा त्यांच्या ढोलांनी खोलीच्या काचा वाजत होत्या. सौंदत्तीकडच्या दोन जोगतिणी आल्या होत्या, चौंडकं घेऊन. चौंडकं इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघितलं. लाकडी पिंप काखेत दाबलेलं, तळाच्या कातड्यातून निघालेली तार दुसऱ्या हातातल्या मुठीला बांधलेली. ती मूठ ओढली की सूर चढतो, ढिली सोडली की खाली येतो. तार बोलते म्हणतात ते खोटं नाही. त्या रात्री यल्लम्माची गाणी निम्मी मराठीत झाली, निम्मी कन्नडमध्ये, आणि "उधो"ला सगळ्यांचेच हात वर गेले. तेव्हा मला भाषेचं काही सुचलं नव्हतं. गीगीच्या वेळीच का सुचलं कोण जाणे.

तर आज. मेळ आला तो दोघांचाच. पुढं गाणारे अज्जा, सत्तरीच्या पुढचे, आणि टाळ वाजवणारा त्यांचा पुतण्या. तुणतुणंवाल्याला ताप. गीगी मेळात तिघं तरी लागतात: एकाकडं डफ, एकाकडं तुणतुणं, एकाकडं टाळ. काकांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं.

"तुमी वाजवा की री," अज्जा म्हणाले.

मला कन्नड येतं ते बाजारापुरतं. एष्टु, बेकु, बेड (किती, हवं, नको), एवढ्यावर माझी चाळीस वर्षं निभली. तसं सांगितलंही. त्यांनी ते मनावरच घेतलं नाही. "तुमी जी जी म्हणता, आमी गी गी म्हणतो. तोंड तेवढंच उघडतंय."

तुणतुण्याचं कातडं पावसानं सैल पडलं होतं, तार ताणली तरी भद्द वाजायची. आत जाऊन गॅसच्या शेगडीवर लांबून शेकलं. अज्जांचा डफ आधीपासून तिथंच. ते डफ आचेवर फिरवत, मधूनच अंगठ्यानं टिचकी मारून कान लावत होते. आमच्याकडं हवा कोरडी, एवढं शेकावं लागत नाही, तुमचं बेळगाव म्हणजे नुसतं गळकं घर, असं काहीसं म्हणाले. उप्पीट परतत असलेल्या आजी हसल्या, "मग काय तर. तीन महिने कपडे वाळत न्हाईत."

पहिली दोन कडवी माझी पार फजिती झाली. आमच्यात ओळ संपली की झील. त्यांच्यात ओळ संपायच्या आत शेवटचे शब्द मागच्यांनी उचलायचे आणि तिथनं "गी गी"त उतरायचं. मी थांबायचो, पुतण्या पुढं निघून जायचा. तिसऱ्या कडव्याला मी शब्दांकडं लक्ष देणं सोडून अज्जांच्या खांद्याकडं बघायला लागलो. उचलायच्या आधी त्यांचा डावा खांदा किंचित वर येतो. मग जमलं. घसा चिरेपर्यंत ओरडलो. मागच्या मेळाला ते "हिम्मेळ" म्हणतात. सव्वीस वर्षं ज्या जागेवर बसलो तिला एवढं चांगलं नाव असेल हे ठाऊक नव्हतं.

पद संगोळ्ळी रायण्णाचं होतं, कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेल्या वीराचं. मला कळलेला त्यातला पहिला शब्द "नंदगड". माझी मावशी नंदगडची. लहानपणी सुट्टीत तिच्याकडं गेलो की रायण्णाच्या समाधीचा वड दाखवायला न्यायची. २६ जानेवारी १८३१ ला त्याला तिथं फाशी दिलं. तो आमच्या लेखी मावशीच्या गावचा वड होता, एवढंच. आज अज्जा फाशीपाशी आले आणि त्यांनी डफ पूर्ण थांबवला. नुसतं माझं तुणतुणं, टुंग टुंग. खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. उठून गेलेली माणसं मी मुद्दाम मोजली: दोन. त्यातला एक पाण्याची मोटर बंद करून परत आला.

नंतर उप्पीट खाताना मास्तरांनी विचारलं, तुम्ही हरदेशी की नागेशी? आपल्याकडं कलगीवाले शक्तीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची, आणि रात्र रात्र सवाल-जवाब चालतात. तिकडं तेच भांडण हरदेशी-नागेशी नावानं. कलगी-तुरा हे शब्दही त्यांना नवे नव्हते. अज्जा नागेशी, म्हणजे स्त्री थोर म्हणणारे. "जन्मभर बायकांच्या बाजूनं भांडलो री. घरात कोण मानतंय?"

आणि मग त्यांनी पिशवीतून ती वही काढली. रेघांची, तेलकट, कडेला दोऱ्यानं शिवलेली. अक्षरं कन्नड. वाचायला लागले तर मराठी! त्यांच्या आज्जाला येणारी लावणी, वडलांनी ऐकून कन्नड अक्षरांत उतरवलेली. अज्जा ती आठवड्या-बाजाराच्या मराठीवर गातात, निम्मी न समजता. 'चांदणं'मधला च 'चहा'तला व्हायचा, कारण त्या लिपीत दोन्हीला अक्षर एकच, आणि आपणही कुठं वेगळं लिहितो? शब्दाच्या शेवटचा अ मात्र ते पूर्ण म्हणतात. 'राम' नाही, 'राम-अ'. आधी हसू आलं. मग लक्षात आलं, माझी आजी जात्यावर ओवी म्हणताना असंच म्हणायची.

एका शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, याचा अर्थ काय? पाचुंदा. आयुष्यभर गातोय, कुणी सांगितलं नाही.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. रिक्षावाला म्हणाला, गावाचं नाव असेल. एक मास्तर म्हणाले, पाचूशी काही संबंध असावा. (मराठी शिकवून निवृत्त झालेत!) मी गप्प. कन्नड कळत नाही म्हणून मोडता घालणारा मी, आणि अडलो मराठीला.

आतून आजी पदराला हात पुशीत आल्या. "जोंधळ्याच्या पाच पेंड्यांचा एक पाचुंदा. कापणी कधी बघितली न्हाईसा काय?"

"सिवुडु!" अज्जा जवळजवळ ओरडले. पुतण्याला कन्नडमध्ये भराभर काहीतरी सांगितलं, मग ती ओळ लगेच पुन्हा म्हणून बघितली. मघापेक्षा वेगळी म्हटली, हळू. "पाचुंदा"वर थांबून.

मानधनाचं पाकीट त्यांनी न बघता खिशात घातलं. रात्रीच्या मुक्कामाला ते काकांच्या घरी.

रविवार, दुपार.

सकाळी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागायच्या आधी वहीची चार पानं मोबाइलवर घेऊ दिली. त्या बदल्यात मागणी: मराठीत नीट लिहून, अवघड शब्दांचे अर्थ घालून पाठवा. "कन्नडमध्ये अर्थ घाला," हेही आहेच.

जेवण झाल्यावर पोरीला धरून बसवलं. तिला शाळेत कन्नड आहे, माझ्यापेक्षा दहापट बरं वाचते. ती अक्षरं वाचते, मी देवनागरीत लिहितो. तिला वाचलेलं कळत नाही, मला ऐकलेलं अर्धं कळतं. तासाभरात तीन ओळी झाल्या. चौथीत एक शब्द आहे, तो 'चाळ' आहे की 'जाळ' यावर आमचं जुंपलंय. ती म्हणते शाईचा डाग आहे. मी मोबाइल खिडकीपाशी नेऊन बघतोय. संध्याकाळी आजींना विचारायला जायचं ठरलंय.