ई. पी. थॉम्प्सन यांची शांततेची बाजू

गेला आठवडाभर ई. पी. थॉम्प्सन यांचे १९८० नंतरचे लेखन वाचतो आहे. 'द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास' या १९६३ च्या ग्रंथामुळे आपण त्यांना कामगारवर्गाचे समाजवादी इतिहासकार म्हणून ओळखतो; पण त्यानंतर पन्नाशी उलटून गेल्यावर कितीतरी वर्षे त्यांनी इतिहासलेखन जवळजवळ बाजूला ठेवले आणि स्वतःला अण्वस्त्रविरोधी चळवळीत झोकून दिले, याची आठवण फारशी निघत नाही. ही दोन कामे एकाच विचारातून आलेली होती, असे मला आता ठामपणे वाटते.

१२ डिसेंबर १९७९ रोजी नाटोने पश्चिम युरोपात ५७२ नवी अमेरिकी क्षेपणास्त्रे ठेवण्याचे ठरवले, आणि सोव्हिएत एसएस-२० क्षेपणास्त्रांना हे उत्तर असल्याचे सांगितले गेले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारची 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' ही पुस्तिका लोकांसमोर आली. तिच्यातल्या सूचना वाचताना अंगावर काटा येतो: घरातली दारे काढून आतल्या भिंतीला तिरकी टेकवावीत, त्यांवर माती भरलेल्या पिशव्या रचाव्यात, खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग द्यावा आणि चौदा दिवस पुरेल इतके अन्नपाणी बरोबर घेऊन आत राहावे. थॉम्प्सन यांनी 'प्रोटेस्ट अँड सर्व्हाइव्ह' लिहून याला उत्तर दिले. आपल्या दारात कोणती शस्त्रे यावीत हे ज्यांना कोणी विचारत नाही, त्याच लोकांना त्या शस्त्रांच्या परिणामांची तयारी मात्र घरोघरी करायला सांगितले जाते, ही गोष्ट मला त्या वादाच्या मुळाशी दिसते.

त्याच वर्षी 'न्यू लेफ्ट रिव्ह्यू'मध्ये त्यांनी 'एक्स्टर्मिनिझम'ची, म्हणजे सर्वसंहाराकडे ढकलणाऱ्या व्यवस्थेची, कल्पना मांडली. शस्त्रे बनवणाऱ्या यंत्रणेला दोन्ही गटांत स्वतःचीच गती आलेली आहे, एका बाजूचे युद्धखोर दुसऱ्या बाजूच्या युद्धखोरांना पोसतात आणि त्यामुळे कोणाचाही तसा हेतू नसताना विनाश ओढवू शकतो, असे ते म्हणत. हे निदान मला खरे वाटते, पण त्यातला एक सूर खटकतो. सामान्य माणसे स्वतःचा इतिहास स्वतः घडवतात हे आयुष्यभर दाखवणाऱ्या लेखकाने इथे यंत्रणेला इतकी सत्ता बहाल केली की माणसांना जागाच उरू नये. समाजवादी समीक्षक रेमंड विल्यम्स यांनीही जवळपास याच धर्तीचा आक्षेप घेतला होता.

त्याचे उत्तर थॉम्प्सन यांच्या कृतीत आधीच होते. एप्रिल १९८० मध्ये केन कोट्स, मेरी काल्डोर आदींसह त्यांनी युरोपीय अण्वस्त्रमुक्तीचे आवाहन जाहीर केले. पोलंडपासून पोर्तुगालपर्यंतचा सारा प्रदेश अण्वस्त्रमुक्त व्हावा, आणि पूर्व-पश्चिम गटांऐवजी माणसांनी एकमेकांशी निष्ठा ठेवावी, ही त्यातली मागणी होती. हा भाबडा शांततावाद नव्हता. इटलीत रणगाड्यांच्या तुकडीत लढलेला, फॅसिझमविरुद्ध लढताना बल्गेरियात १९४४ मध्ये थोरला भाऊ फ्रँक गमावलेला, आणि १९५६ मध्ये हंगेरीवरील सोव्हिएत आक्रमणानंतर कम्युनिस्ट पक्ष सोडलेला माणूस हे बोलत होता. म्हणूनच निःशस्त्रीकरण आणि पूर्व युरोपातले नागरी स्वातंत्र्य यांची फारकत करायला ते तयार नव्हते, आणि मला त्यांच्या भूमिकेचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मॉस्कोच्या अधिकृत शांतता समितीने त्यांच्या आघाडीवर उघड टीका केली. प्रागमधल्या 'चार्टर ७७' या नागरी हक्कांच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनाही पाश्चात्त्य चळवळीविषयी शंका होत्या, कारण शांततेच्या घोषणा देणारे सरकारच त्यांना तुरुंगात टाकत होते. थॉम्प्सन यांनी त्यांच्याशी वाद घातला, पण संवाद तोडला नाही.

१९८७ च्या करारान्वये अमेरिका आणि सोव्हिएत संघाने मध्यम पल्ल्याची २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट केली. पाश्चात्त्य शस्त्रसज्जतेनेच रशियाला नमवले, हा दावा थॉम्प्सन यांनी अखेरपर्यंत नाकारला. सगळे श्रेय चळवळीला देता येणार नाही, सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांचा वाटा फार मोठा होता. तरी शत्रूची प्रतिमा दोन्हीकडे ढिली करण्याचे काम चळवळीतल्या या लोकांनीच आधी केले होते, असे माझे मत आहे. तोच करार ऑगस्ट २०१९ मध्ये संपला, तेव्हा १९८०च्या दशकात युरोपच्या राजधान्यांतून निघाले होते तसे लाखोंचे मोर्चे कुठेही निघाले नाहीत, आणि नव्या क्षेपणास्त्रांपेक्षाही मला याचीच अधिक काळजी वाटते.