कुंभारणीचे घर

वेंगुर्ल्यातील माझ्या दुकानात येणारे बहुतेक काम पखवाज, ढोलकी आणि बेंजो पार्ट्यांच्या ड्रमचे असते. श्रावणात मान वर करायला सवड मिळत नाही, कारण चतुर्थीला नवी पुडी, म्हणजे चामड्याचे पान, हवी असल्याचे डबलबारीच्या भजनसामन्यांत वाजवणाऱ्यांना चतुर्थीच्या आदल्या आठवड्यातच आठवते. जुन्या विलायती ड्रमचे साल सांगणे हा काही माझा धंदा नव्हे. बँडवाल्यांचे प्रीमियर कंपनीचे इंग्लिश ड्रम दुरुस्त करता करता ती नजर तयार झाली. त्या कंपनीचे 1960च्या दशकापर्यंतचे बारा इंची ड्रम आजच्या बारा इंचांपेक्षा किंचित मोठे असल्यामुळे आजचे पान त्यांच्यावर चढतच नाही, आणि म्हणून त्यांचा काळ बिल्ला न बघताही लक्षात येतो. अशा अडचणींनी मला पुस्तकांपेक्षा जास्त शिकवले.

गेल्या श्रावणात मुंबईहून गावी आलेले एक गृहस्थ वडिलांचा ड्रमसेट टेम्पोत घालून घेऊन आले. वडील मुंबईत एका हॉटेलात वाजवत असत आणि निवृत्तीनंतर सेटसह गावी परतले होते. त्यांच्या पश्चात बरीच वर्षे तो माळ्यावर पडून होता. पांढऱ्या शिंपल्यासारख्या चमकीचे आवरण असलेले बास, टॉम आणि पायांवर उभा राहणारा मोठा फ्लोअर टॉम असे तीन ड्रम, त्यांच्यासोबत तळाला तारा असलेला एक धातूचा स्नेअर, आणि चारहींवर लुडविग या अमेरिकन कंपनीचा बिल्ला. त्यांना दुरुस्ती हवी होतीच, पण त्याहून अधिक माझ्या लेटरहेडवर ‘संपूर्ण सेट मूळचा, 1964’ असा दाखला हवा होता. ते साल त्यांनी कुठून आणले हे मला विचारावे लागले नाही. 9 फेब्रुवारी 1964 रोजी बीटल्स अमेरिकेतील एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात झळकले, रिंगो स्टारच्या बास ड्रमवर लुडविग हे नाव मोठ्या अक्षरांत होते, आणि तेव्हापासून त्या काळातील त्या कंपनीच्या ड्रमला जी किंमत चढली ती अजून उतरलेली नाही.

बिल्ल्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. लुडविग बंधूंनी 1909 मध्ये शिकागोत कारखाना काढला, पुढे तो कॉन कंपनीला विकला, आणि 1937 मध्ये थोरल्या भावाने नव्याने धंदा मांडला तेव्हा स्वतःचेच आडनाव विकून बसल्यामुळे त्याला बिल्ल्यावर डब्ल्यू. एफ. एल. ही आद्याक्षरे घालावी लागली. नाव परत विकत मिळाले ते 1955 मध्ये. त्यानंतर 1960च्या सुमारास जो बिल्ला आला त्याचा आकार चिऱ्याच्या कमानीच्या माथ्यावर बसवतात त्या पाचरीसारख्या दगडाचा आहे. 1963च्या अखेरीपासून त्यावर क्रमांक पडू लागले, आणि 1970च्या आसपास त्याची जागा निळ्या-हिरवट चौकोनी बिल्ल्याने घेतली. येथवर सारे सरळ आहे. पण कामगार खोक्यात हात घालून हाताला लागेल तो बिल्ला ठोकत असल्याने क्रमांकांच्या ओळीवरून ड्रमचे नेमके साल काढता येत नाही, आणि लोक मात्र तो क्रमांक मोटारीच्या चॅसी नंबरसारखा वाचतात.

त्या गृहस्थांना सर्वांत लाज वाटत होती ती स्नेअरची. त्याच्या क्रोमवर सर्वत्र पुळ्या उठल्या होत्या, काही ठिकाणी पापुद्रे सुटले होते, आणि कोल्हापूरला नेऊन नवे क्रोम चढवून आणावे असे त्यांच्या मनात होते. मी लोहचुंबक लावून दाखवला, तो चिकटला नाही. या स्नेअरचे कवच अॅल्युमिनियमचे असते, अॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, आणि आमच्याकडच्या खाऱ्या हवेत तर ते असेच फुटते. म्हणजे ज्या पुळ्यांची त्यांना लाज वाटत होती त्याच त्या स्नेअरची जन्मखूण होत्या. आपल्याकडे जुनी वस्तू हाती आली की ती आधी चकचकीत करून टाकायची आणि मग ती किती जुनी हे विचारायला निघायचे, ही खोड कधी जाणार कोण जाणे.

बास आणि टॉम उघडल्यावर आतून पांढरा रंग, काठांशी लाकडी कडी, आणि पुसट झालेला लाल शाईचा तारखेचा शिक्का दिसला: एप्रिल 1964. मालकाचा चेहरा उजळला, आणि खरे सांगायचे तर माझाही. त्याच उत्साहात त्यांना शेजारी बसवून मी एकेक खूण समजावून दिली, म्हणजे पांढरा रंग कुठवर लागतो, शिक्का कुठे असतो, आटे इंचाला 24 कसे येतात, हवेच्या भोकातून बिल्ला धरून ठेवणारी पितळी रिंग कारखान्यात आतून कशी गोल वळवलेली असते. ते लक्षपूर्वक ऐकत होते आणि मोबाइलवर टिपून घेत होते.

ते गेल्यानंतर मी दोन्ही ड्रम आतून ब्रशने स्वच्छ केले आणि फ्लोअर टॉम दुसऱ्या दिवसावर ठेवला. त्याला तात्त्विक कारण काही नव्हते, एका पखवाजाला शाई भरायची होती.

दुसऱ्या दिवशी तो उघडला आणि हात थांबला. आत रंग नव्हता. तांबूस, ठळक रेषांचे लाकूड होते, 1960च्या दशकात जपानमधून निरनिराळ्या नावांनी जे स्वस्त सेट बाहेर पडत त्यांच्यात सापडते तसे. टॉमचा बोल्ट त्याच्या लगमध्ये, म्हणजे कवचावरील बोल्ट धरणाऱ्या धातूच्या तुकड्यात, घातला तर दोन फेरे फिरून अडकला, कारण आटे मेट्रिक होते. बिल्ला मात्र अस्सल होता, नकली नव्हे, आणि त्यामुळेच प्रश्न अवघड झाला. भिंगातून पाहिले तेव्हा बिल्ल्याच्या कडेबाहेर आवरणावर एक पांढरट चंद्रकोर दिसली. आवरण उन्हाने आणि सिगारेटच्या धुराने पिवळे पडलेले असताना तेवढाच भाग पांढरा राहिला होता, म्हणजे तेथे पूर्वी याहून मोठा, गोलसर बिल्ला असला पाहिजे. आतून रिंगेचे टोक हातोडीने पसरून चार पाकळ्यांत फाटलेले होते, आणि त्या पाकळ्यांवर, अर्धे भोक बुजवून, कुंभारीण माशीचे मातीचे घर होते. घर जुने होते, त्यातील कप्पे फुटलेले होते आणि माती बोटाने दाबताच भुकटी होत होती.

तिसऱ्या दिवशी गृहस्थ आले. मी सारे दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “काका, हा ड्रम तुमच्याकडे दोन रात्री होता ना?”

अर्थ समजायला मला क्षणभर वेळ लागला. तीस वर्षांत असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी कुंभारणीच्या घराकडे बोट दाखवून म्हटले की हे दोन रात्रींत होत नाही. ते म्हणाले, “माती काय, कोणीही लावील.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण ड्रम ताब्यात घेताना मी एकही फोटो काढला नव्हता, वहीत फक्त ‘ड्रम चार नग’ एवढेच लिहिले होते, आणि उरलेल्या दोन ड्रममधील पन्नास वर्षांची धूळ, जी माझ्या बाजूने साक्षीला उभी राहिली असती, ती मीच झाडून टाकली होती.

त्यांनी आईला फोन लावून स्पीकरवर ठेवला, बहुधा मला खोटे पाडण्यासाठी. काकी म्हणाल्या, “तो मोठो मागसून इलो रे. माज्या भावान बोटीवरसून हाडलेलो. बिल्लो ह्येंनीच लावलो.” मग पहिल्या ड्रमचे काय झाले, असे मी मध्येच विचारले. काकी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि “ता आता कित्याक?” एवढेच म्हणाल्या. गृहस्थांनी फोन बंद केला. “आईला आता काही आठवत नाही,” ते म्हणाले.

मी दाखला लिहून दिला: बास, टॉम आणि स्नेअर लुडविगचे, त्यांपैकी लाकडी दोन 1964चे, फ्लोअर टॉम जपानी, त्यावरील बिल्ला अस्सल पण नंतर लावलेला. त्यांनी तो वाचून माझ्या टेबलावर ठेवला, दुरुस्तीचे पैसे मोजून दिले आणि ड्रम टेम्पोत चढवले. पुढच्या आठवड्यात बाजारात दोघांनी मला हसत विचारले की, बिल्ले बदलून मिळतात का.

ते मी सहन केले असते. पण दिवाळीनंतर त्यांचा व्हॉट्सॲप आला: गिऱ्हाईक बघायला येणार आहे, दाखल्याचा पुन्हा विचार करावा. सोबत फोटो होते. फ्लोअर टॉम आतून पांढरा होता, ऑइलपेंटचा ओला झळाळ अजून गेलेला नव्हता, कडेची कडीही सफाईने रंगवली होती, आणि ज्या ठिकाणी कुंभारणीचे घर होते तेथे रिंगेच्या पाकळ्या कानशीने घासून गोल केल्या होत्या. रंग मी सांगितला होता तेथवरच आणला होता.

मी अजून उत्तर दिलेले नाही. फोटो मोठा करून लाल शिक्का कुठे दिसतो का, हे मात्र तीन-चारदा पाहिले. अजून तरी नाही.