दुसऱ्या मात्रेची रिकामी जागा

ड्रम्स शिकायला येणाऱ्या मुलामुलींच्या हाती मी पहिल्या दिवशी काठ्या देत नाही. आधी त्यांना 'द रोनेट्स' या अमेरिकन मुलींच्या ग्रुपचे 'बी माय बेबी' हे १९६३ सालचे गाणे ऐकवतो आणि ते संपले की पुन्हा लावतो. बाहेर बाकावर बसलेल्या पालकांपैकी कुणी ना कुणी मग विचारतेच: "सर, साठ वर्षांपूर्वीचे प्रेमगीत, तेही मुलींच्या ग्रुपचे, ड्रम्स शिकणाऱ्याने त्यातून काय घ्यायचे?" तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो, कारण क्लासच्या दारात उभ्या उभ्या हे सांगून होत नाही.

गाणे सुरू होते ते नुसत्या ड्रम्सने. चार मात्रांचे आवर्तन मनात मोजा. पहिल्या मात्रेवर किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम. दुसरी मात्रा उलटून गेल्यावर, तिच्या आणि तिसरीच्या बरोबर मध्ये पुन्हा किक. लगेच तिसरीवर आणखी एक. आणि चौथीवर स्नेअरचा, म्हणजे काठीने वाजणाऱ्या कडक आवाजाच्या ड्रमचा, कडाडून पडणारा फटका. पॉप संगीतातल्या नेहमीच्या ठेक्यात स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही मात्रांवर पडतो. इथे दुसरी मात्रा मोकळी सोडलेली आहे आणि साऱ्या गाण्याची ओढ त्या मोकळ्या मात्रेतून निर्माण होते. तबला शिकून माझ्याकडे आलेल्या मुलांना मी तीनतालातली नववी मात्रा, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा दाखवायची 'खाली', आठवायला सांगतो. खालीला तालात ठरलेले स्थान असते, तसे इथे नाही, त्यामुळे दोन्ही गोष्टी एक नव्हेत. तरी डग्गा मागे सरला की कान जसा समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, वाट पाहू लागतो, तसाच इथे तो चौथ्या मात्रेची वाट पाहतो. हे एकदा जाणवले की मुले आपोआप मान हलवू लागतात, आणि मान बहुधा चौथीवरच पडते.

हा ठेका वाजवला हॅल ब्लेन यांनी. लॉस एंजेलिसच्या 'गोल्ड स्टार' स्टुडिओत १९६३ च्या जुलैमध्ये ध्वनिमुद्रण झाले. ब्लेन यांनी पुढे सांगितले की स्नेअर दोन्ही मात्रांवरच वाजवायचा होता, पण दुसऱ्या मात्रेचा फटका हातून सुटला आणि मग त्यांनी प्रत्येक आवर्तनात तो तसाच सोडला. माझ्या दृष्टीने शिकण्याची गोष्ट ही आहे. फटका सुटणे कुणाच्याही हातून होते. पण सुटलेली जागा कानाला बरी वाटली हे त्या क्षणी ओळखायचे आणि पुढच्या आवर्तनात ती ठरवून, तितक्याच लयीत सोडायची, यासाठी फार सावध कान लागतो. आमच्याकडे चांगला गायक अमुक जागा सुंदर घेतो असे आपण म्हणतो. वाजवणाऱ्याला जागा सोडताही आली पाहिजे, आणि ते शिकवणे रोल, म्हणजे सलग वेगवान फटके, मारायला शिकवण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

या गाण्याला तर त्या सुटलेल्या जागेची विशेष गरज होती. निर्माते फिल स्पेक्टर एकाच खोलीत अनेक गिटार, पियानो, बेस आणि तालवाद्ये दाटीने बसवत आणि एकच ओळ अनेक वाद्यांवर एकदम वाजवून घेत. तो आवाज सिमेंटच्या भिंती असलेल्या छोट्या खोलीत स्पीकरवर सोडायचा, तिथे घुमलेला नाद मायक्रोफोनने पुन्हा उचलायचा आणि मूळ आवाजात मिसळायचा, अशी ती पद्धत होती. जॅक निट्शे यांची वाद्यरचना आणि लॅरी लेव्हिन यांचे ध्वनिमुद्रण यांनी तो नाद घडवला. हे सगळे मोनोमध्ये, म्हणजे डावे-उजवे न करता एकाच धारेत ओतलेले. इतक्या भरगच्च आवाजात प्रत्येक मात्रेवर स्नेअर आदळला असता तर ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा उरली नसती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आणि त्या गर्दीतून वर येतो तो रॉनीचा आवाज. व्हेरोनिका बेनेट, पुढे रॉनी स्पेक्टर, ही न्यू यॉर्कची मुलगी तेव्हा विशीलाही पोहोचली नव्हती. ग्रुपमध्ये ती, तिची बहीण एस्टेल आणि नात्यातली नेड्रा टॅली अशा तिघी होत्या, पण या ध्वनिमुद्रणात रोनेट्सपैकी आवाज आहे तो एकट्या रॉनीचा. मागे साथ देणाऱ्यांत डार्लीन लव्ह होत्या आणि पुढे गायिका म्हणून गाजलेली, तेव्हा सतरा वर्षांची शेरही होती. स्टुडिओतल्या स्वच्छतागृहात आवाज छान घुमतो म्हणून आपण तिथे जाऊन सराव करत असू, असे रॉनीने नंतर सांगितले आहे. गाण्यात ती 'ओ' स्वर कंप देत लांबवते, तेव्हा शब्द संपलेले असतात आणि तरी सांगणे चालूच असते. ती जागा तिची स्वतःची आहे. कागदावर लिहून कुणी देऊ शकणार नाही अशी.

गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. 'बीच बॉइज' या अमेरिकन बँडचे ब्रायन विल्सन यांनी ते प्रथम गाडीत रेडिओवर ऐकले आणि गाडी बाजूला थांबवली, असे ते स्वतः सांगत. २००६ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतले.

मोठ्या मुलांना मी यापुढची गोष्टही सांगतो, कारण ती लपवणे मला योग्य वाटत नाही. स्पेक्टर यांच्या कंपनीशी झालेल्या १९६३ च्या करारानंतर रोनेट्सना सुरुवातीची सुमारे पंधरा हजार डॉलरांची रक्कम तेवढी मिळाली. त्यानंतर मानधनाचे पैसे आले नाहीत. १९८७ च्या 'डर्टी डान्सिंग' चित्रपटात हे गाणे वापरले गेले, त्याचेही नाहीत. तिघी कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टाने २००० मध्ये त्यांच्या बाजूने मोठी रक्कम ठरवली, पण २००२ मध्ये न्यू यॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने सांगितले की करारात ध्वनिमुद्रणाची मालकी बिनशर्त दिलेली असल्याने चित्रपटांतल्या वापराचा हिस्सा गायिकांना मागता येणार नाही. विक्रीवरचे मानधन मात्र द्यावे लागेल. रॉनी आणि स्पेक्टर यांचे लग्न झाले होते आणि तिला ते घर सोडून पळावे लागले, हेही तिने लिहून ठेवले आहे. स्पेक्टर पुढे खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरले आणि २०२१ मध्ये कैदेत असतानाच वारले. मला त्यांच्या नावाने हे गाणे ओळखलेले आवडत नाही. वर्गात मी ते रॉनीचे आणि ब्लेन यांचे गाणे म्हणूनच लावतो.

शेवटाकडे एक ठिकाण येते, तिथे मी मुलांना डोळे मिटायला सांगतो. भिंतीसारखा उभा असलेला तो सगळा आवाज एकदम बाजूला होतो आणि सुरुवातीचा ठेका पुन्हा एकटा ऐकू येतो. मग रॉनी परतते, आणि गाणे हळूहळू विरत जाताना, इतका वेळ हात आवरून वाजवलेले ब्लेन अखेर मनसोक्त रोल मारतात. ते ऐकल्यावर प्रत्येकाला तेच रोल वाजवायचे असतात. मी म्हणतो, वाजवू, पण आधी नुसते चार मात्रांचे आवर्तन.

गेल्या महिन्यात नऊ वर्षांची एक मुलगी दुसऱ्याच आठवड्यात हा ठेका वाजवू लागली. किक नीट पडत होती, चौथीवर स्नेअरही बरोबर. पण दुसरी मात्रा आली की तिचा डावा हात सवयीने वर उचलला जायचा. पाच-सहा आवर्तने तो तसाच वर जात राहिला, एकदा स्नेअरला निसटता लागलाही. नंतरच्या आवर्तनात तो उचलला गेला, हवेत क्षणभर थांबला आणि चौथीवर आला. तिची आई दारातून पाहत होती. तिने त्या दिवशी काही विचारले नाही.