विसर्जनाच्या आदल्या दिवशी चार्ज केलेली केबल

बाजारपेठेतल्या 11 केव्हीच्या उघड्या लाईनऐवजी जमिनीखालून टाकलेल्या नव्या केबलचा मेगर (इन्शुलेशनचा रोध मोजणारी टेस्ट, आकडा जितका मोठा तितका बरा) झकास आला होता. 5 केव्हीवर तिन्ही कोअर (आतले वाहक), एकमेकांशी आणि अर्थशी, सगळे गिगाओहममध्ये. ठेकेदाराच्या सुपरवायझरने स्क्रीनचे फोटो काढले आणि सामान आवरायला घेतलं. मग दोन्ही टोकांचं आर्मरचं (बाहेरच्या आवरणाखालच्या लोखंडी पट्ट्यांचं) अर्थिंग सोडून आर्मर ते जमीन असा 1000 व्होल्टवर मेगर लावला, तर शून्य.

ही टेस्ट 11 केव्हीच्या थ्री-कोअर केबलवर फारसं कोणी घेत नाही. केबल आतून ठणठणीत असते, लोड घेते, बिल निघतं. बाहेरचं पीव्हीसी आवरण फाटलंय का, एवढंच ही टेस्ट सांगते, आणि तेही जमीन ओली असेल तर. मे महिन्यात कोरड्या वाळूत हीच केबल पास झाली असती. भाद्रपद होता म्हणून सापडली.

जागा म्हणजे गावातली जुनी बाजारपेठ. मधून 11 केव्हीची उघडी लाईन, त्याच खांबांवर खाली एलटी, म्हणजे कमी दाबाची लाईन. नियमाने 11 केव्हीची तार इमारतीपासून आडवी 1.2 मीटर आणि छतावरून उभी 3.7 मीटर लांब हवी. लाईन ओढली तेव्हा ती होतीच. नंतर मजले चढले, गॅलऱ्या पुढे सरकल्या, आणि बांधकामाला परवानगी देणाऱ्यांनी वर मान करून पाहिलं नाही. त्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॉली, मूर्ती आणि त्यावर छत्र. बांबूने तारा उचलून खालून मूर्ती काढायची पद्धत गावोगावी चालते. एलटीलाही ती चूकच आहे. 11 केव्हीच्या तारेला ओला बांबू म्हणजे मरणच. तंजावरजवळ कळिमेडूला 27 एप्रिल 2022 च्या पहाटे रथ उच्चदाब तारेला लागून 11 माणसं गेली, तेव्हापासून आमच्याकडेही या गल्लीची फाईल हलायला लागली होती.

फीडर (सबस्टेशनवरून या भागाला वीज देणारी लाईन) बंद ठेवायचा हा उपाय आम्ही दर वर्षी करायचो. पण मिरवणूक रात्रभर चालते, त्याच फीडरवर पाण्याचे पंप आणि दवाखाना. ‘गणपती पुढे गेला, चालू करा’ असा फोन येतो आणि मागून आणखी एक मंडळ निघालेलं असतं. म्हणून केबल उद्याच्या मिरवणुकीआधी चालू व्हायलाच हवी होती.

केबल 185 स्क्वेअर एमएम, ॲल्युमिनियम, एक्सएलपीई इन्शुलेशनची, आर्मर्ड. व्यास साधारण 70 मिमी, वजन मीटरला सात-आठ किलो. चर 90 सेंटिमीटर खोल. तळाला 8 सेंटिमीटर वाळू, केबल, पुन्हा तेवढीच वाळू, त्यावर विटा, मग माती आणि वर इशाऱ्याची पट्टी. कागदावर हे सोपं आहे. बाजारपेठेत 60 सेंटिमीटरवर पाण्याची जुनी लाईन लागते, तिच्याखाली कोणाचं तरी ड्रेनेज, आणि नकाशा कोणाकडेच नसतो.

मधला जॉइंट मात्र बघण्यासारखा झाला होता. आमचे जॉइंटर मामा घाईत हात लावत नाहीत, आणि त्यांना घाई करणारा माणूस त्यांच्या तंबूत टिकत नाही. सेमिकंडक्टरचा काळा थर सोलताना ब्लेड आतल्या पांढऱ्या इन्शुलेशनला लागलं, तर तो ओरखडाच पुढे केबल फोडतो, म्हणून ते थराच्या पूर्ण जाडीपर्यंत काप देतच नाहीत. थोडी जाडी राखून हाताने सोलतात. मग ॲल्युमिनियम ऑक्साईडचा पॉलिश पेपर. साधा एमरी चालत नाही, त्याचे कण वीजवाहक असू शकतात. पुसायचं ते नेहमी इन्शुलेशनच्या टोकाकडून काळ्या थराच्या दिशेने, आणि एक कपडा एकदाच. उलटं पुसलं की काळी भुकटी पांढऱ्यावर पसरते. फेरुल (दोन टोकं जोडणारी नळी) दाबून क्रिंप केल्यावर धारा कानशीने मारायच्या, खाचा मॅस्टिकने (चिकट भरावाने) भरायच्या. लाल स्लीव्ह ज्योतीने तापवत मध्यापासून बाहेरच्या बाजूला आवळत न्यायची, म्हणजे हवा आत अडकत नाही, आणि ज्योत मऊ, पिवळसर. निळी टोकदार ज्योत स्लीव्ह जाळते. मामा बोलले ते एवढंच: ‘साहेब, दोष माझ्या जॉइंटमध्ये नाही, हे आधी लिहून ठेवा.’

नव्हताच. आर्मर आणि जमिनीत डीसीचे ठोके सोडले आणि केबलच्या वरून दोन सळ्या रोवत चाललो, मध्ये संवेदनशील मीटर. दोषाकडे जाताना काटा एका बाजूला झुकतो, ओलांडला की दुसऱ्या बाजूला. नाल्यावरच्या मोरीपाशी तो चक्क उलटला. खड्डा घेतला. तिथल्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपच्या तोंडाला धार तशीच ठेवली होती, ना घासलेली ना तोंडावर रबर, आणि केबल ओढताना तिथे रोलर नव्हता. आवरणावर करंगळीएवढी चीर, आतून आर्मरची पट्टी दिसत होती आणि तिला तांबूस गंज धरायला लागला होता. चीर स्वच्छ केली, वाळवली, घासली, मॅस्टिक भरून दोन्ही बाजूंना 10 सेंटिमीटर पुढे जाईल अशी गुंडाळायची स्लीव्ह आवळली.

पुन्हा मेगर. शून्यावरून पाऊण मेगाओहम. म्हणजे दोष आणखी एक.

तो चौकात निघाला, आणि तिथे काटा दोन ठिकाणी उलटत होता: पाइपच्या दोन्ही तोंडांशी. काँक्रीटच्या रस्त्याखाली केबल एचडीपीई पाइपमधून जाते. पाइप वीज वाहत नाही, पण आत पाणी भरलं होतं, त्यामुळे गळणारा करंट दोन्ही तोंडांतून बाहेर येत होता. दोष पाइपच्या आत कुठे आहे हे वरून कळणार नाही. काढायचा तर केबल दोन्हीकडे कापून तुकडा ओढून घ्यायचा, नवा टाकायचा आणि दोन जॉइंट मारायचे. एका जॉइंटला चार-पाच तास, वर टेस्टिंग. शेजारी मोकळा पाइप असता तर नवी लांबी ओढून निदान निम्मा त्रास वाचला असता. तो एस्टिमेटमध्ये होता. ‘अनावश्यक’ म्हणून वरच्या टेबलावर कापला गेला.

वरून फोन आला: ही टेस्ट तुम्हाला मागितली कोणी?

फाटलेल्या आवरणाने केबल उद्या फुटत नाही. पाणी आर्मरखालून सरकतं, पट्टी गंजते, अर्थिंगचा मार्ग कमकुवत होतो, ओल जॉइंटपर्यंत पोहोचते. याला वर्षं लागतात. डोक्यावरच्या तारेला मूर्तीचं छत्र लागायला एक क्षण पुरतो. केबल चार्ज, म्हणजे विजेवर चालू, करायचं ठरलं, आणि आर्मरचं रीडिंग लॉगबुकात लिहून सही घेतली. सही मिळवायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला.

मग व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारितेच्या दाबाची) टेस्ट: 0.1 हर्ट्‌झ, 19 केव्ही, 15 मिनिटं प्रत्येक फेजला. टिकली. टेस्टनंतर कोअर डिस्चार्ज करून अर्थला बांधून ठेवायचे, कारण केबल चार्ज धरून ठेवते. लाईनवर वाढलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. फेज जुळवणी झाली. दोन फेज अदलाबदल झाले की गल्लीतल्या पिठाच्या गिरण्या उलट्या फिरतात आणि पहिली शिवी आम्हाला बसते. आधी लोडविना चार्ज, मग आरएमयूवरून (स्विचच्या पेटीवरून) लोड. सबस्टेशनच्या ऑपरेटरला बजावलं की हा फीडर ट्रिप झाला तर ट्रायल घ्यायची नाही. उघड्या लाईनवर फांदी हलली, कावळा पडला की दोष निघून जातो, म्हणून एकदा चालू करून बघतात. केबलचा दोष निघून जात नाही. प्रत्येक ट्रायलला जॉइंटचा आणखी कोळसा होतो.

जुन्या लाईनला दोन्हीकडे अर्थ लावून जंपर (जोडतारा) कापले आणि गाळ्यागाळ्याने तारा उतरवल्या. खांब काढता आले नाहीत. त्यांवर पथदिवे, टीव्हीची केबल, इंटरनेटचे वेटोळे. यातलं आमचं काहीच नाही आणि ज्यांचं आहे ते येत नाहीत. मिरवणूक त्यांच्याखालून गेली.

आता फीडरला आउटेज मिळालं की आर्मरचा मेगर घेतो. रीडिंग खाली चाललंय. पाऊस ओसरल्यावर थोडं वर येतं, तेव्हा ऑफिसात सांगतात, सुधारतंय ना. सुधारत नाही, जमीन वाळते. रस्ता नवा आहे म्हणून खोदाईची परवानगी नाही. उरला आडव्या ड्रिलिंगचा उपाय, पण चौकाखालची पाण्याची लाईन नेमकी कुठे आहे ते पाणीपुरवठ्यालाही नीट सांगता येत नाही, तेव्हा आधी रडारने सर्व्हे. एस्टिमेट पाठवलंय. मोकळा पाइप या वेळी दोन वेगवेगळ्या आयटममध्ये घातलाय, एक कापला तर दुसरा राहील.