बुचाच्या झाडावरचा आकडा

गुरुवार, १२ जून २०२५. इव्होरा, पोर्तुगाल

पाय बोलायला लागलेत. आई तर बूट न काढताच आडवी झालीय.

सकाळ गावात गेली. पांढऱ्या भिंती, खाली पिवळे पट्टे, आणि चौकात रोमन देवळाचे चौदा खांब. या देवळात १८३६ पर्यंत मांसविक्री चालायची. खांबांमधली जागा भिंतींनी बुजवलेली होती, म्हणून तर खांब टिकले. देवानं नाही, खाटकांनी राखलं म्हणायचं! सोळाव्या शतकातल्या जलवाहिनीच्या कमानींत लोकांनी चक्क घरं बांधलीत. "भाडं किती असेल गं?" इति आई. हाडांच्या चॅपेलमध्ये ती आलीच नाही. दारावर कोरलंय, 'आम्ही हाडं इथे तुमच्या हाडांची वाट बघतोय'. मीही फार रेंगाळले नाही.

बेकरीत मात्र तिनं सरळ 'पाव' मागितला आणि मिळाला. शब्द मुळात त्यांचाच म्हणा.

दुपारी गावाबाहेर पडलो. वाळलेलं गवत, त्यात लांब लांब उभे बुचाचे ओक. बूच म्हटल्यावर मला आपला पांढऱ्या फुलांचा, वासाचा बूच आठवला. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हे झाड खोडाला तांबूस, सोलल्यासारखं. सोललेलंच असतं. पहिली साल पंचविसाव्या वर्षाच्या सुमारास काढतात, पुढे दर नऊ वर्षांनी. पहिल्या दोन खेपांची बाटलीच्या बुचाला चालत नाही, तिसरी लागते. म्हणजे झाड त्रेचाळीसच्या आसपास. माझ्याच वयाचं. (मी कामाला जरा आधी लागले.)

एका वळणावर सोलणी चालली होती. गाडी थांबवली. कुऱ्हाडीनं चीर पाडायची, मग दांड्यानं उचकटायची. सालीचा मोठा पत्रा अख्खा सुटून येतो. आतल्या जिवंत थराला धक्का लागू द्यायचा नाही, सगळं कसब तिथेच. आम्ही अर्धा तास बघत उभ्या. सोललेल्या खोडावर पांढऱ्या रंगानं ५ काढला, २०२५ मधला शेवटचा आकडा. शेजारच्या झाडावर २ होता, त्याची पाळी २०३१ ला.

आईनं बोटांवर मोजलं. "म्हणजे हे परत चौतीस साली. मी सत्याहत्तरची." मग म्हणाली, "चल, कुठे चहा मिळतो का बघू."

मिळाला नाही. कॉफीच घेतली. तिच्या पर्समध्ये सालीचा एक तुकडा आहे, आत्ता पाहिला.