वर्धापनदिन आणि जुन्या गीतांची संध्याकाळ

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या चर्चचा वर्धापनदिन दरवर्षी सकाळ आणि संध्याकाळ असा दोन भागात होतो. सकाळचं सगळीकडे असतं तसंच, पाहुणे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, येतात, संदेश होतो, सेक्रेटरी अहवाल वाचतात, सत्कार होतात, फोटो होतात. मला ओढ असते ती संध्याकाळच्या जुन्या गीतांची.

त्या दिवशी कीबोर्ड नाही, ड्रम नाही, प्रोजेक्टरवर शब्द नाहीत. सतरंज्या अंथरायच्या, मधे पेटी, तबला, टाळ, आणि ज्याच्या त्याच्या हातात आपलं उपासना संगीत, म्हणजे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक. काही पुस्तकं इतकी जुनी की पुठ्ठा गेलाय, खाकी कव्हर घातलंय, आत पहिल्या पानावर आजोबांची सही आणि लग्नाची तारीख. दरवर्षी मीटिंगमधे तरुण संघ म्हणतो की एखादं नवीन वर्शिप साँग घेऊया ना, आणि दरवर्षी मी नाही म्हणतो. रविवारी घेतोच की आपण, मला आवडतात पण ती, पण ही एक संध्याकाळ जुन्यांची राहू दे.

आणि नगरकरांनी नाही जपायची ही गीतं तर कोणी जपायची? अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांचं, काम नगरला 1831 मधे सुरू झालं, आणि पुढे 1860 च्या दशकात इथल्याच मंडळींनी कीर्तन चर्चमधे आणलं, कृष्णराव सांगळे यांच्यासारखे कवी-कीर्तनकार इथलेच. मग कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, 1895 मधे बाप्तिस्मा घेतला आणि नंतर कितीतरी वर्षं नगरलाच राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे, आणि त्यांचे अभंग गायला लागलं की ते लगेच पटतं. भजनी ठेका लागला की म्हातारी माणसंसुद्धा मांडीवर ताल धरतात, कोणी शिकवावं लागत नाही.

पण दरवर्षी माझ्या डोळ्यात पाणी येतं ते आमच्या वस्तीवरच्या आजी उभ्या राहिल्या की. आजींना वाचता येत नाही, सगळी गीतं पाठ, सासूकडून ऐकून ऐकून. त्या माइक घेत नाहीत. आधी थोडं बोलतात, की हे गीत आम्ही खुरपताना म्हणायचो, हे दुष्काळात दगड फोडायला जायचो तेव्हा म्हणायचो, एवढंच दोन-चार वाक्यं, आणि मग एकदम सुरुवात. पेटीवाले मामा वरच्या पट्टीत, काळी चारवर बसलेले असतात ते गुपचूप काळी एकवर उतरतात, आजींचा आवाज आता वर जात नाही ना, आणि तरी अंतऱ्याला आवाज फाटतोच. तिथे बायकांच्या बाजूने कोणीतरी ओळ उचलतं, मग सगळं चर्च उचलतं, आणि आजी डोळे मिटून नुसत्या टाळ वाजवत राहतात. मोठमोठे पाहुणे वक्ते ऐकलेत मी, पण आजींच्या त्या दोन-चार वाक्यांसारखं भाषण नाही ऐकलं.

एक बोलल्याशिवाय राहवत नाही. सकाळी चर्च भरून बाहेर मांडव भरतो, संध्याकाळी मात्र निम्म्या सतरंज्या रिकाम्या. पुण्या-मुंबईची मंडळी सकाळचे फोटो झाले की गाड्या काढतात, आणि गावातले काहीजण प्रीतिभोजनाच्या मसालेभाताचा वास आला की बरोबर शेवटच्या गीताला आत येतात. जेवायला या, आनंदच आहे, पण आजी गाताना समोर माणसं पाहिजेत हो. यंदा गेल्या वर्षीपेक्षा जास्त लोक होते, संडे स्कूलची मुलं तर पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसली, त्यांचं मला फार कौतुक वाटलं.

आता आभार. पेटीवाले मामा आणि तबल्यावर त्यांचा पुतण्या. गीतं निवडून नंबर लिहून देणाऱ्या संडे स्कूलच्या बाई. पहाटेपासून बुंदी पाडणाऱ्या महिला मंडळाच्या सगळ्या भगिनी, आणि भांडी घासायला शेवटपर्यंत थांबलेल्या तिघी, त्यांचं नाव स्टेजवरून घ्यायचं राहिलं होतं म्हणून इथे मुद्दाम. सतरंज्या आणि ताडपत्री देणारे शेजारच्या देवळाच्या भजनी मंडळाचे लोक, टाळांचे दोन जोडसुद्धा त्यांचेच. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर घेऊन आलेले इलेक्ट्रिशियन दादा, त्यांनी पैसे घेतले नाहीत. पाण्याचा टँकर देणारे काका. आजींना वस्तीवरून मोटरसायकलवर आणणारा आणि रात्री परत सोडणारा त्यांचा नातू. पाळकसाहेब आणि पाळकीणबाई तर घरचेच. आणि हो, घंटा वाजवणारे आमचे बाबा, ते कधी कोणाच्या यादीत येत नाहीत. अजून कोणी राहिलं असेल तर कृपया मला फोन करा, रविवारी भक्तीत नाव घेतो.